रद्दीत दिलेला कॅमेरा घेऊन दापोली

शुक्रवार

दापोलीला जायची गाडी शनिवारी सकाळची होती, पण आमचा प्रवास शुक्रवारी संध्याकाळीच सुरू झाला, कारण भाचीला डिजिकॅम, म्हणजे आमच्या वेळचा जुना छोटा डिजिटल कॅमेरा, हवा होता. "मामा, ऑफिस सुटलं की सरळ सीएसएमटीला ये. तुला त्यातलं कळतं ना." मला त्यातलं कळतं हा तिच्या आईने पसरवलेला गैरसमज आहे. ताईच्या लेखी ज्याच्या घरात कधीकाळी कॅमेरा होता तो फोटोग्राफर.

होता, हे मात्र खरं. २००७ साली पहिल्या बोनसमधून मी कॅननचा पॉवरशॉट ए५७० आयएस घेतला होता. ७.१ मेगापिक्सेल, चारपट झूम, दोन पेन्सिल सेलवर चालणारा आणि डोळा लावून बघायला छोटी खिडकी असलेला. सात-आठ वर्षं घरातली लग्नं, मुंजी, बारशी, गणपती सगळं त्याने काढलं. मग चांगला मोबाइल आला आणि तो कपाटात गेला. २०१५च्या दिवाळीच्या साफसफाईत वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांसोबत तो रद्दीवाल्याकडे गेला. रद्दीवाल्याने उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाला, "प्लास्टिकच्या भावात धरतो." सेल काढले तर त्याचं वजन पावशेरही भरत नाही. किती मिळाले असतील याचा हिशेब तुम्हीच करा. भाचीला मी सांगून ठेवलं होतं की तो हरवला.

बोरा बाजारची गल्ली स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की लागते. खाली स्टेशनरी, लग्नपत्रिका, फ्लेक्स. मधेच कॅमेऱ्याची दुकानं, आणि वर अरुंद जिन्यांनी गेलं की दुरुस्तीवाले. जिन्यातच सोल्डरिंगचा वास येतो. एका दुकानात काचेच्या कपाटात वीस-पंचवीस जुने डिजिटल कॅमेरे ओळीने मांडले होते, अगदी मिठाईसारखे. पाच-सहा वर्षांपूर्वी हाच माल गोणीत पडलेला असायचा. आता एकेकावर चिकटपट्टी लावून किंमत लिहिली आहे आणि समोर कॉलेजची मुलं उभी आहेत.

दुकानदाराने आधी एक चंदेरी, जड, देखणा कॅमेरा काढला. भाचीला तो बघताक्षणी आवडला. मी साल विचारलं. २००३ किंवा ०४. तो मी परत ठेवायला लावला. त्या दोन-तीन वर्षांतल्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चकतीच्या, आतल्या तारांचे जोड उष्ण, दमट हवेत सुटायचे. फोटो जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे यायचे, नाहीतर थेट काळे. २००५मध्ये कंपन्यांनी एकापाठोपाठ एक जाहीर करून ते सेन्सर फुकट बदलून दिले होते. आज कोण बदलून देणार? आणि आम्ही निघालो होतो कोकणात. उष्ण आणि दमट हे दोन शब्द तिथल्या हवेसाठीच जन्माला आलेत.

मग मागच्या रांगेत मला तो दिसला. तोच. ए५७० आयएस. हँडग्रिपचा रबर थोडा पांढुरका पडलेला, बाकी धडधाकट. मला एकदम लाज वाटली, जुना मित्र रस्त्यात भेटावा आणि आपण त्याचे पैसे बुडवलेले असावेत तशी.

जुना कॅमेरा घेताना मी काय बघतो ते सांगतो, कारण भाचीने ते सगळं मोबाइलवर लिहून घेतलं. चालू केल्यावर भिंग सरळ बाहेर आलं पाहिजे, कुरकुर न करता. झूम दोनदा आतबाहेर करायचा, कान जवळ नेऊन. बॅटरीच्या झाकणाची खुंटी बघायची, ती मोडली की रबरबँड लावून फिरावं लागतं. फ्लॅश उडवायचा. मग भिंगातून उजेड आत येतो ते छिद्र सगळ्यात बारीक करून, यात ते ८ला बसतं, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा: आत धूळ गेली असेल तर करड्या ठिपक्यांनी दिसते. दुकानातली भिंत पांढरी राहिलेली नव्हती. शेवटी बिलबुकाचं कोरं पान वापरलं. वरच्या कोपऱ्यात एक ठिपका होता. एवढा चालतो.

"साब, साडेचार हजार. यह माल अब आता नहीं."

मी तीन म्हणालो. तीन हजार आठशेला तुटलं, २ जीबीच्या कार्डासकट. कार्ड मी मुद्दाम मागून घेतलं. हा कॅमेरा ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं ओळखतो. त्यापुढचं मोठं कार्ड घातलं की ढिम्म बसतो. २ जीबीत सहाशेच्या वर फोटो मावतात. "फक्त?" भाची म्हणाली. तिच्या मोबाइलमध्ये सदतीस हजार आहेत.

सेलची जागा बघायची मात्र मी विसरलो. दुकानदाराने स्वतःचेच सेल घालून दाखवला, चालू झाला, आम्ही खूश. हे पुढे नडलं.

शनिवार

७.१०ची मांडवी. या गाडीत माणूस खिडकीबाहेर कमी आणि पॅसेजकडे जास्त बघतो, कारण खाणं येत राहतं. पनवेलपर्यंत आमचं ऑम्लेट आणि कटलेट झालं होतं. भाचीने पहिला फोटो कटलेटचा काढला, फ्लॅश मारून. समोरचे आजोबा दचकले. पडद्यावर कटलेट आलं तर पांढऱ्या प्रकाशात लख्ख, कडेला काळी सावली आणि मागे अख्खा डबा अंधारात. दिवसाढवळ्या.

"बघ ना, कसला मस्त!" ती म्हणाली.

मला त्यात मस्त काय ते कळेना. आम्ही अशा फोटोंना 'फ्लॅश फुटला' म्हणायचो आणि अल्बमात लावायचो नाही. तिचं म्हणणं, या जुन्या कॅमेऱ्यांतल्या सीसीडी जातीच्या सेन्सरचा रंगच वेगळा असतो. सगळे तसं म्हणतात. यावर आमचा माणगावपर्यंत वाद झाला. सेन्सर सीसीडी असो की आताच्या मोबाइलमधला सीमॉस, त्याला रंग कळत नाही. तो पडलेला उजेड मोजतो. वर लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांची जाळी असते, आणि मग आतला प्रोसेसर त्या आकड्यांचं चित्र शिजवतो. चव वाटणाची असते, पातेल्याची कमी. त्या काळातले कॅमेरे एकच फोटो काढायचे आणि ठरलेलं वाटण घालायचे. आजचा मोबाइल एका बटनात अनेक फोटो घेऊन त्यांचं मिश्रण करतो, सावल्या उजळतो, आकाश वेगळं सावरतो, कातडी वेगळी.

"म्हणजे वेगळा दिसतो ना?"

"दिसतो."

"मग मी तेच म्हणतेय."

तर तो वाद असा संपला. मी तिला सांगायला गेलो की याच कॅमेऱ्यासाठी हौशी लोकांनी सीएचडीके नावाचा कोड लिहिला होता, कार्डावर टाकला की कॅमेऱ्यातून न शिजवलेली, कच्ची फाइलसुद्धा मिळायची, आणि मी २००९मध्ये रात्री जागून तो टाकला होता. ती कानात इअरफोन घालत होती.

खेडच्या अलीकडे बोगदे सुरू झाले आणि अकराव्या फोटोला कॅमेरा बंद पडला. पडद्यावर बॅटरी बदला. खेडला उतरून स्टेशनबाहेर नवे अल्कलाइन सेल घेतले. घातले, भिंग अर्धं बाहेर आलं, पुन्हा तेच. भाचीचा चेहरा उतरला. दापोलीच्या एसटीत ती गप्प बसून होती आणि मी मनात दुकानदाराशी भांडत होतो. दापोलीत बस बदलून मुरूडला पोचेस्तोवर अडीच वाजले. मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं मुरूड. जंजिऱ्याचं मुरूड वेगळं. दरवेळी हे सांगावं लागतं.

जेवण झाल्यावर ओटीवर बसून मी सेलचं झाकण उघडलं आणि टॉर्च मारला. आतल्या एका पत्तीवर पांढरी बुरशीसारखी पूड, तिच्या कडेला हिरवट छटा. मागचा मालक सेल आत ठेवून कॅमेरा वर्षानुवर्षं विसरला असणार. अल्कलाइन सेलमधून पाझरतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आणि हवेत वाळून त्याची ही पूड होते. तिच्यातून वीज थोडी जाते, पूर्ण जात नाही. म्हणून कॅमेरा उठतो आणि झोपतो.

"काकू, लिंबू आहे का?"

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी आतून विचारलं, "सरबत करू का?"

"नाही, कॅमेऱ्याला हवंय."

त्या बाहेर आल्या. पूड अल्कधर्मी, तिला आंबट लागतं. कान कोरायच्या कापसाच्या काडीवर लिंबाचा एक थेंब, जास्त नाही, आणि कॅमेरा उलटा धरून पत्तीवर हलकेच घासायचं. बारीक बुडबुडे आले. काकू चष्मा लावून बघत होत्या. "आगळ चाललं असतं का?" आगळात मीठ असतं, पत्ती आणखी गंजली असती, पण प्रश्न रास्त होता. दुसऱ्या काडीने पाणी टिपलं, तिसरीवर हातावर लावायचं सॅनिटायझर घेतलं म्हणजे ओल उडून जाईल. वाळल्यावर खोडरबराचा तुकडा कापून पत्ती घासली. तांबूस चकाकी आली. मग झाकण उघडं टाकून कॅमेरा अर्धा तास उन्हात, सुपातल्या सोलांच्या शेजारी.

माझ्याकडे चार्ज होणारे चार निकेल सेल होते, घरातल्या घड्याळांतून आणि रिमोटांतून गोळा केलेले. ते घातले. भिंग सुर्रकन बाहेर आलं. या कॅमेऱ्यांना अल्कलाइन मानवत नाहीच. त्याच्यावर दीड व्होल्ट लिहिलेलं असतं आणि निकेलवाल्यावर १.२, म्हणून लोक फसतात. पण भिंग ढकलायला, फ्लॅश भरायला एकदम भरपूर करंट लागतो, तिथे अल्कलाइनची धाप लागते. निकेलवाला शेवटपर्यंत तेवढंच देत राहतो.

चालू होताच कॅमेऱ्याने तारीख विचारली. भाचीने घाईत बटन दाबून तो पडदा घालवला. तारीख राहिली ०१/०१/२००७.

संध्याकाळी समुद्रावर. जानेवारीअखेरचा सूर्य साडेसहाच्या सुमारास टेकतो. भाचीने कॅमेरा त्याच्याकडे वळवला आणि ओरडली, "मामा, बिघडला!" पडद्यावर सूर्यातून वर-खाली एक जांभळट-पांढरी उभी रेघ गेलेली. कॅमेरा हलवला की रेघही हलत होती.

बिघडलेलं काही नव्हतं. ही सीसीडीची खरी ओळख, रंगापेक्षा पक्की. स्लॅब पडताना मजूर घमेली हातोहात पुढे देतात ना, सीसीडीत तसंच चालतं. प्रत्येक ठिपक्यात जमलेला प्रभार शेजारच्याकडे, तिथून पुढच्याकडे, असा ओळीने सरकत एका टोकाला मोजला जातो. मधल्या एका जागी सूर्यासारखा धबधबा पडत असेल तर त्या रांगेतून जाणाऱ्या प्रत्येक घमेल्यात थोडं थोडं सांडतं. म्हणून अख्खी उभी रेघ. फोटो काढताना आतलं यांत्रिक शटर बंद होऊन उजेड अडतो आणि मग घमेली सरकतात, म्हणून फोटोत रेघ नाही. व्हिडिओत येते. सीमॉसमध्ये प्रत्येक जण आपलं घमेलं जागेवरच मोजून घेतो.

मग मी हेही सांगितलं की ही युक्ती १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी काढली, आणि त्यांना २००९ला नोबेल मिळालं. भाचीने तोवर रेघेचा व्हिडिओ काढायला सुरुवात केली होती. तिला ती रेघ फार आवडली होती.

रविवार

सकाळी हर्णैहून होडीने सुवर्णदुर्ग. होडी थेट किल्ल्याला लागत नाही, गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. कॅमेरा दुधाच्या पिशवीत घालून डोक्यावर. खारं पाणी आणि वाळू यांत मी वाळूला जास्त भितो: बाहेर येणाऱ्या भिंगाच्या फटीत एक कण गेला की कायमची करकर. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आहे, बाजूच्या भिंतीवर मारुती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला. आत आता झाडोरा, विहिरी, पडकी जोती. ऊन चढलं होतं आणि पडद्यावर काही म्हणता काही दिसेना. मी तिला खिडकीला डोळा लावायला शिकवलं. तिला ते माहीतच नव्हतं. तिला वाटलेलं ते भोक फ्लॅशचं असेल. त्यातून दिसतं त्यापेक्षा फोटोत कडेचं जास्त येतं, त्यामुळे तिच्या कासवाशेजारी माझी चप्पल आली आहे.

पण रविवार खरा संध्याकाळचा. हर्णैचा मासळीचा लिलाव.

चारच्या पुढे होड्या लागू लागल्या. मोठ्या होड्या आत उभ्या, लहान होड्यांतून टोपल्या किनाऱ्याला, एक बैलगाडी पार चाकभर पाण्यात उतरलेली. वाळूवर ढीग: सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबीचे डोंगर, आणि कोणी विचारत नाही असल्या बारक्या मासळीची रास. प्रत्येक ढिगाभोवती माणसांचं कोंडाळं आणि मधे बोली पुकारणारा. आकडे इतक्या वेगाने पडतात की नवख्याला वाटावं मंत्र चाललेत. मान हलवली की माल तुमचा. मी खिशातून रुमाल काढायलाही घाबरत होतो.

उजेड उतरत होता. मोबाइल काढून पाहिला तर त्याने सगळं उजळून, सारखं करून ठेवलं. साडेसहाला दुपार झाली. मग भाचीने कॅमेऱ्याचा फ्लॅश चढवला. मोबाइलचा म्हणतात तो फ्लॅश म्हणजे एलईडी, टॉर्चच. यात झेनॉन वायूची नळी आहे, कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात वगैरे ओतते. त्यात हलणारं सगळं थिजतं.

ती एका मावशींसमोर उभी राहिली. मावशी पापलेटं निवडत होत्या, केसांत अबोलीचा गजरा, हाताला कोपरापर्यंत खवले.

"काढू का फोटो?"

"काढ गो. पण घेतेस काय ते सांग."

"आधी फोटो, मग पापलेट."

फ्लॅश उडाला. मावशींनी डोळे मिटले, शिवी हासडली आणि हसल्या. मी पडद्यात पाहिलं. हवेत फेकलेलं पापलेट टोपलीच्या वर थांबलेलं, खवल्यांवर निळसर चंदेरी लखलखाट, पाण्याचे सुटे थेंब मोत्यांच्या कुड्यांसारखे गोल. मावशींच्या हातावरचा एकेक खवला मोजता यावा. मागे समुद्र, होड्या, माणसं, सगळं निळ्या काळोखात बुडालेलं. कटलेटच्या वेळी ज्याला मी फुटलेला फ्लॅश म्हणत होतो, तोच हा. सात-आठ वर्षं घरात हा कॅमेरा वापरलेला माणूस मी, आणि मी त्याच्यासमोर फक्त केक आणि नवरा-नवरी उभे केले.

दुसरा फोटो लगेच येईना. फ्लॅश भरायला आठ-दहा सेकंद लागतात, तोवर नारिंगी दिवा लुकलुकत राहतो. मावशींनी तेवढ्यात भाव सांगितला. आम्ही घासाघीस करेपर्यंत दिवा थांबला, दुसरा फोटो झाला. आणखी भाव उतरला, तिसरा झाला. चार पापलेटं घेतली. मावशींनी पडदा हातात घेऊन स्वतःला नीट न्याहाळलं. "डोले मिटलेत माझे," म्हणाल्या, "पण मासली बेस आलीय."

काकूंनी रात्री पापलेटं तळली. भाचीने त्यांचा फोटो काढला नाही, आधी खाल्ली.

सोमवार

सव्वीस जानेवारी. सकाळी शाळेची प्रभातफेरी वाडीतून गेली. मास्तरांनी भाचीच्या हातात कॅमेरा बघून मुलांना ओळीत उभं केलं आणि 'एक, दोन, तीन' म्हटलं. अर्धं बटन दाबून फोकस धरायचा, मग पूर्ण दाबायचं. ती तीनला दाबायची तोवर मुलं मोडायची. शेवटी मी मास्तरांना चारपर्यंत मोजायला सांगितलं.

मग गाडी ठरवून पन्हाळेकाजी. दापोलीहून तासाभराचा वळणावळणाचा रस्ता, शेवटी उतार आणि खाली कोटजाई नदी. २९ लेणी आहेत इथे. १९७०च्या आसपास एका ताम्रपटाच्या मागावर पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे इथवर आले तेव्हा बरीच गाळाने भरलेली होती. सुरुवात बौद्धांची, मग त्यांच्यातलाच वज्रयान पंथ, मग शैव, मग नाथपंथी. एकाच कातळात कोणी आधीच्याला हुसकलं असं वाटत नाही. घर बदलताना जुन्याचे खिळे भिंतीला राहतात तसे सगळ्यांचे खिळे राहिलेत. सुट्टी असून आमच्याशिवाय एक जोडपं आणि पहारेकरी, बस्स.

आत अंधार. फ्लॅशने इथे घात होतो, कोरीव काम सपाट होतं. मी भाचीला डायल 'एम'वर, म्हणजे सगळं आपणच ठरवायचं त्या खुणेवर, नेऊन दिली. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ८०, सगळ्यात कमी. छिद्र पूर्ण उघडं, २.६, शटर दोन सेकंद. हातात धरून दोन सेकंद कोणालाच जमत नाही, म्हणून कॅमेरा दगडावर आणि बटन दाबल्यावर दोन सेकंदांनी उडणारा टायमर. दाबायचं आणि श्वास धरून मागे व्हायचं. शटर मिटलं तरी कॅमेरा लगेच चित्र दाखवत नाही. सेकंदापेक्षा लांबच्या फोटोनंतर तो तेवढाच वेळ बंद शटरचा, काळा फोटो स्वतःसाठी काढतो आणि त्यातले भुरभुरे ठिपके पहिल्यातून वजा करतो. आपण दोन सेकंद घेतले की तोही दोन सेकंद विचार करत बसतो.

एकोणिसाव्या लेण्यात शिवलिंग आहे आणि छतावर रामायण-महाभारतातले प्रसंग कोरलेत. मान वर करून बघून बघून मान भरून आली. याचा फोटो काढायचा तर कॅमेरा जमिनीवर उताणा निजवावा लागणार, आणि पडदा मागे असल्यामुळे तो खाली जाणार. दिसणार काहीच नाही. मी टोपी अंथरली, तिच्यावर कॅमेरा ठेवला. भाचीने बटन दाबलं आणि आम्ही दोघं भिंतीला चिकटून उभे राहिलो.

पहिल्यात छताचा कोपरा. दुसऱ्यात माझं नाक. तिसऱ्यात कॅमेरा कलंडला होता. टोपीखाली एक खडा सरकवला. चौथा बरा, पण अंधुक. पाचव्याला शटर चार सेकंद केलं. चार उघडा, चार विचार. पडदा उजळला आणि छतावरची अख्खी चौकट आली, एकेक पट्टी, एकेक माणूस. दरवाजाकडून तिरपा उजेड येत होता, त्यामुळे प्रत्येक आकृतीच्या एका बाजूला सावली बसलेली. कोपरे काळे राहिले. बाहेर आल्यावर मोबाइलमधलाही फोटो पाहिला. त्यात कोपरे उजळ होते, बँकेच्या लॉबीइतका लख्ख उजेड होता आणि लेणं चपटं झालं होतं.

पायरीवर बसून डबा खाताना ताईचा फोन आला. भाचीने कौतुकाने सांगितलं, "आई, मामाचा हरवला होता ना, अगदी तोच मिळाला."

"हरवला?" फोन स्पीकरवर होता. "अगं, रद्दीवाल्याला दिला त्याने. मी समोर होते. नको देऊस म्हटलं तर म्हणतो, जागा अडते."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी ठेचा वाढून घेतला.

मंगळवार

सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. उजव्या सोंडेचा, वरून खाडी आणि माडांची दाटी. दर्शन घेतलं, तीन फोटो काढले, त्यातले दोन सारखेच. परतीची गाडी गाठायची असल्याने मन तिथे नव्हतं. गणपतीवर अन्याय झाला.

खेडला गाडीला उशीर होता. फलाटावर बसून भाचीने कार्ड काढून मोबाइलला लावलं आणि फोटो उतरवले. चार दिवसांत एकशे चौसष्ट. तिच्या मानाने हा उपवास.

"मामा, कुठे गेले? आजच्या तारखेला दिसत नाहीत."

तारीख. आम्ही ती घातलीच नव्हती. ती बोटाने वर सरकवत गेली, २०२०, २०१५, २०१०. फोटो २००७ सालात जाऊन बसले होते, सगळे. कटलेट, मावशी, मास्तर, माझं नाक. आणि त्यांच्या शेजारीच, त्याच वर्षात, तिच्या पहिल्या वाढदिवसाचे बारा-तेरा फोटो, ताईने कधीतरी सीडीवरून वाचवून चढवलेले. फ्लॅश फुटलेले. केक लख्ख पांढरा, बाळाचे डोळे लाल, मागे भिंतीवर माणसांच्या काळ्या सावल्या, बाकी घर अंधारात.

तिने एक फोटो उघडला, माहितीवर बोट ठेवलं. मग पापलेटचा उघडला. दोन्हीकडे कॅमेऱ्याचं एकच नाव.

"हे तू काढलेले?"

"ऑटोवर," मी म्हणालो.

ती बराच वेळ एकदा हा, एकदा तो, असं करत राहिली. आपल्याला हे असले फोटो का आवडतात ते तिला कळलं की काय, मी विचारलं नाही. मला मात्र कळलं. तिचं सगळं लहानपण असंच दिसतं: मधे उजेड, कडेला काळोख. मी लावून दिलेला फ्लॅश. गाडी आली आणि जागा पकडायची घाई झाली.

दादरला उतरताना तिने कॅमेरा आपल्या बॅगेत घातला. तो तिचाच होता, पैसे तिने दिले होते. मी माझे चार सेल मात्र परत मागून घेतले. घरातली दोन घड्याळं पाच दिवस बंद होती.

पुढच्या शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी बोरा बाजारात गेलो. काचेच्या कपाटात तेच मॉडेल आणखी एक होतं. मी आधी सेलचं झाकण उघडलं, टॉर्च मारला. पत्त्या स्वच्छ होत्या. किंमत विचारली.

"साढ़े पांच, साब," दुकानदार म्हणाला. "आजकल बहुत डिमांड है."